शेतीच्या कार्यशाळेत मृत्युपत्राचा तास

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या शेतकऱ्यांसाठी ज्या कार्यशाळा भरतात, त्यांचे विषय वाचताना मी एका ठिकाणी अडखळले. कंपोस्टचा ढीग कसा रचायचा, ठीक. बियाणं कसं राखायचं, ठीक. पाणी, भाव, बाजार, सगळं ठीक. आणि मग मध्येच, मृत्युपत्र कसं करायचं.

शेती शिकायला आलेल्या बाईला मृत्युपत्र कशाला शिकवता? पण हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. आमच्या गावाकडच्या सातबाऱ्यावर आजही आजोबांच्या चुलतभावाचं नाव आहे. तो माणूस जाऊन चाळीस वर्षं झाली. त्याचे वारस ठाण्यात, नाशकात, एक दुबईत. विहिरीवर मोटर बसवायला कर्ज काढायचं ठरलं, तेव्हा या सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता तूर काढून झाली, पुढच्या सालचा पाऊस येऊन गेला, आणि मोटर काही बसली नाही.

म्हणून या कार्यशाळा समजून घ्यायच्या तर कंपोस्टच्या बाजूनं नव्हे, कागदाच्या बाजूनं आत शिरलेलं बरं. अमेरिकेतल्या काळ्या माणसाची जमीन त्याला शेती येत नव्हती म्हणून गेली नाही. शेती त्याला मालकापेक्षा चांगली येत होती. ती तर त्याच्याकडून दोनशे वर्षांहून जास्त काळ फुकट करून घेतली होती. जमीन गेली ती कागदात, कचेरीत आणि कर्जात.

तिकडे ‘फार्मर्स ऑफ कलर’ म्हणतात तेव्हा त्यात फक्त काळे येत नाहीत. मूलनिवासी, मेक्सिकोतून आलेले, लाओसमधून निर्वासित म्हणून आलेले हमोंग, जपानी, आणि कॅलिफोर्नियातले आपले पंजाबीसुद्धा येतात. कॅलिफोर्नियानं १९१३ साली कायदा केला, की ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांनी शेतजमीन विकत घ्यायची नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. म्हणजे जमीनही नाही. मग पंजाब्यांनी शेती केली ती गोऱ्या ओळखीच्या माणसाच्या नावावर, आणि पुढे नागरिक म्हणून जन्मलेल्या स्वतःच्या पोरांच्या नावावर. प्रत्येक समाजाची कहाणी वेगळी आहे. या लेखात मी काळ्या शेतकऱ्यांवरच थांबणार आहे, कारण कार्यशाळांची परंपरा त्यांच्यात जुनी आहे.

चाळीस एकर

यादवी युद्ध संपत आलं होतं. १६ जानेवारी १८६५ ला उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मननं सॅव्हाना शहरातून एक हुकूम काढला. साउथ कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीतली जमीन गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना द्यायची, प्रत्येकी जास्तीत जास्त चाळीस एकर. सैन्याची जास्तीची खेचरंही काहींना मिळाली. त्यावरून ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ हा शब्दप्रयोग तिथल्या बोलण्यात कायमचा बसला. सुमारे चाळीस हजार माणसं त्या जमिनीवर राहायला आणि पेरायला गेली. त्याच वर्षी लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला, आणि वर्ष संपायच्या आत बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत द्यायचा निर्णय झाला. पेरलेलं शेत सोडून लोकांना उठावं लागलं.

पुढचा मार्ग आपल्याला सांगायची गरज नाही. त्याला आपण अर्धेली म्हणतो, बटई म्हणतो. जमीन मालकाची, राबणं वाटेकऱ्याचं. बियाणं, मीठ, पीठ, कापड मालकाच्याच दुकानातून उधार. कापूस निघाला की हिशेब, आणि हिशेबाची वही मालकाच्या हातात. वर्षाकाठी देणं उरायचंच.

तरीही या लोकांनी जमिनी घेतल्या, हा भाग सहसा सांगायचा राहून जातो. पै पै साठवून, लांबची, खडकाळ, पाणथळ, गोऱ्यांना नको असलेली. १९१० च्या आसपास काळ्या शेतकऱ्यांच्या मालकीची जमीन दीड कोटी एकरांपर्यंत गेली होती. १९२० च्या मोजणीत, स्वतःची जमीन असलेले आणि वाटेकरी धरून, ९ लाख २५ हजारांहून जास्त काळे शेतकरी होते. देशातल्या दर सात शेतकऱ्यांत जवळपास एक. आजच्या कृषिगणनेत हेच प्रमाण १.४ टक्क्यांच्या आसपास आहे.

यांतले पुष्कळजण आपणहून उत्तरेकडच्या शहरांत गेले, हे खरं. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळी माणसं दक्षिण सोडून गेली. कापूस बोंडं पोखरणाऱ्या भुंग्यानं खाल्ला, यंत्रं आली, आणि गावात गोऱ्यांच्या जमावानं झाडाला लटकवलेला माणूस पाहिल्यावर कुणीही शिकागोची गाडी पकडेल. पण माणूस गेला तरी जमीन तर जात नाही ना? ती कशी गेली?

सामाईक नावाची जमीन

समजा, १९१० साली जॉर्जियात एकानं ८० एकर घेतले. पाच मुलं. मृत्युपत्र केलं नाही. का नाही केलं? एक तर वकील गोरे, कोर्ट गोरं, आणि त्या कोर्टाच्या पायरीवरून परत आलेल्यांच्या गोष्टी काही बऱ्या नव्हत्या. शिवाय लोकांचा समज असा, की कागद केला नाही तर जमीन कुणाच्या एकट्याच्या नावावर होत नाही, म्हणजे ती घराण्यातच राहते. आपल्याकडेही म्हातारी माणसं अगदी असंच बोलतात.

मुलांना हिस्से आले, सामाईक. मुलांची मुलं झाली. १९७० पर्यंत त्या ८० एकरांना साठ मालक. त्यांत गावात राहून कसणारी दोन कुटुंबं, बाकीचे डेट्रॉइटला, शिकागोला, नेवार्कला. कायद्यानं प्रत्येकाचा हिस्सा सगळ्या जमिनीत. ही विहिरीकडची पट्टी माझी, असं कुणीच म्हणू शकत नाही. अशा जमिनीला तिकडे ‘एअर्स प्रॉपर्टी’ म्हणतात. आपण सामाईक वारसाहक्क म्हणू.

आता शिकागोतला एक नातू. त्यानं ती जमीन कधी पाहिलेलीही नाही. त्याला एक माणूस येऊन भेटतो आणि म्हणतो, तुमचा साठावा हिस्सा मला द्या, हे घ्या रोख पैसे. नातवाला वाटतं, आकाशातून पडले. तो सही करतो. हा घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी कोर्टात जातो आणि वाटणी मागतो. सामाईक मालकाला तो हक्क आहे, आणि आता तो मालक आहे. न्यायाधीश बघतो, ८० एकरांचे साठ तुकडे कसे पाडणार? तो म्हणतो, सगळी विका आणि पैसे वाटा. लिलाव पुकारला जातो. पैसे रोख आणि ताबडतोब. कसणाऱ्या दोन घरांकडे तेवढी रोकड नसते; ज्या जमिनीचा मालकी कागद स्वच्छ नाही तिच्यावर बँक कर्ज देत नाही. लिलावात बोली लावायला मोजकी माणसं, आणि त्यांत कोण असतो? तोच, साठावा हिस्सा घेतलेला. बाजारभावाच्या कितीतरी खाली अख्खं वावर त्याचं.

इथे कुणी बंदूक उगारलेली नाही. सगळं कायदेशीर. साउथ कॅरोलिनाच्या समुद्रकाठच्या बेटांवर गुल्ला नावाचा समाज आहे, पश्चिम आफ्रिकेतून भातशेतीसाठी आणलेल्यांचे वंशज. हिल्टन हेड बेटाला १९५६ साली पूल झाला, सुट्टीतल्या लोकांची रीघ लागली, आणि गुल्लांच्या कितीतरी जमिनी याच वाटेनं जाऊन तिथे गोल्फची मैदानं झाली. आपल्या कोकणातल्या वाचकाला पुलाचा आणि जमिनीच्या भावाचा संबंध समजावून सांगायला नको.

या छिद्राला बूच मारायचा कायदा व्हायला २०१० साल उजाडलं. थॉमस मिचेल नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी ज्याचा मसुदा घडवला, तो कायदा सांगतो: सगळ्या वारसांना नीट नोटीस द्या, जमिनीची किंमत तटस्थ माणसाकडून काढा, आणि विक्री मागणाऱ्याचा हिस्सा आधी घरच्यांना विकत घेऊ द्या. विकायचीच वेळ आली तर खुल्या बाजारात विका. राज्यं एकेक करून तो स्वीकारताहेत. वीसच्या वर झाली.

तर कार्यशाळेत हा तास असतो तेव्हा आधी काय करायला लावतात? वंशवेल काढायला. मोठा कागद, मूळपुरुष वर, खाली फांद्या. कोण कधी वारलं, कुणाचं लग्न कुठं झालं, कुणाला मूल नाही, कुणाचा पत्ता नाही. आपल्या तलाठ्याकडच्या वारसनोंदीच्या अर्जासारखंच ते. फरक एवढाच, की ही फांदी चार-पाच पिढ्यांवर गेली की पुढचं टोक गुलामीच्या काळात शिरतं, जिथे कागदावर माणसाला बहुधा आडनावच नाही.

कचेरीतलं कर्ज

ज्यांचा कागद स्वच्छ होता त्यांचंही सुटलं नाही. अमेरिकेचं कृषी खातं शेतकऱ्याला कर्ज देतं, पण बरीच वर्षं कुणाला द्यायचं यात तालुक्याच्या पातळीवरच्या, शेतकऱ्यांनीच निवडलेल्या समित्यांचा शब्द चालायचा. दक्षिणेत या समित्या जवळपास पूर्ण गोऱ्या. काळ्याचा अर्ज बऱ्याचदा तोंडावर नाकारायचा नाही. फक्त उशीर करायचा. मे महिन्यात पेरायचं असेल तर पैसे जुलैत हातात. मग पीक हुकतं, हप्ता हुकतो, आणि तारण ठेवलेली जमीन खात्याकडे. शेतीत नकारापेक्षा उशीर जास्त घात करतो. नकार आला तर माणूस दुसरीकडे हात तरी पसरतो.

भेदभावाच्या तक्रारी ऐकायला खात्यात एक विभाग होता. तो १९८३ साली मोडीत निघाला आणि पुढे बरीच वर्षं तक्रारी नुसत्या साठत गेल्या. शेवटी १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातले टिमोथी पिगफोर्ड आणि इतर शेतकरी कोर्टात गेले. १९९९ ला तडजोड झाली. न्यायाधीश फ्रीडमन यांच्या निकालपत्राचे पहिले शब्दच होते: चाळीस एकर आणि एक खेचर. बहुतेकांना ५० हजार डॉलर मिळायचे होते. ज्याच्या हातून दोनशे एकर गेले त्याला ५० हजार डॉलर. मुदतीत अर्ज न पोचलेले हजारो लोक राहिले, त्यांच्यासाठी २०१० मध्ये आणखी सव्वाशे कोटी डॉलर मंजूर झाले.

२०२१ मध्ये सरकारनं गौरेतर शेतकऱ्यांची सरकारी कर्जं माफ करायचं ठरवलं. गोरे शेतकरी कोर्टात गेले: वंश बघून माफी हा आमच्यावर अन्याय. कोर्टानं थांबवलं आणि पुढच्या वर्षी संसदेनं तो कायदाच मागे घेतला. त्याऐवजी, ज्यांच्याशी खात्यानं भेदभाव केला अशा कोणालाही मदत, अशी वेगळी योजना आली. २०२४ मध्ये ४३ हजारांहून जास्त लोकांना मिळून सुमारे २०० कोटी डॉलर मिळाले. ‘माफी जाहीर झाली, मग अडकली’ ही बातमी आपण मराठीत किती वेळा वाचली आहे!

म्हणून कार्यशाळेत अर्ज भरायला शिकवतात. कुठला क्रमांक काढावा लागतो, कुठल्या महिन्यात जायचं, तोंडी नकार दिला तर लेखी कसा मागायचा, पोचपावती कशी जपायची. अलाबामात एप्स गावी दक्षिणेतल्या काळ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या फेडरेशनचं प्रशिक्षण केंद्र आहे. फेडरेशन १९६७ पासून हेच करत आलं आहे. मला यात काही क्रांतिकारक वगैरे वाटत नाही. पोचपावती जपणं ही क्रांती असती तर आमच्या आत्याबाईंचा पुतळा चौकात असता. पण जमीन टिकते ती अशानंच.

खेचराची गाडी आणि डुकरांची बँक

काळ्या शेतकऱ्यांसाठीची फिरती शाळा सुरू केली ती जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी. मराठी वाचकाला कार्व्हर नवे नाहीत. आपल्याकडे त्यांचं चरित्र वाचून मोठ्या झालेल्या दोन पिढ्या आहेत. पण आपल्या मनात कार्व्हर म्हणजे प्रयोगशाळा आणि शेंगदाणा. त्यांची खेचरगाडी आपण विसरतो. १९०६ मध्ये, ते शिकवायचे त्या टस्कीगी संस्थेनं एक गाडी बनवून घेतली, न्यूयॉर्कच्या जेसप नावाच्या श्रीमंतानं पैसे दिले म्हणून जेसप वॅगन. तिच्यात नांगर, बी, लोणी काढायचं यंत्र, असं सगळं भरायचं आणि वाटेकऱ्यांच्या वस्तीवर न्यायचं. अलाबामातली जमीन कापूस पिकवून पिकवून मेली होती. कार्व्हर सांगायचे, चवळी लावा, भुईमूग लावा, रताळी लावा. जमीन सुधारेल आणि पोरांच्या पोटातही जाईल. मालक म्हणायचा दारापर्यंत कापूसच लाव. चवळी लावणं हे तेव्हा मालकाच्या शब्दाबाहेर जाणं होतं.

१९१४ मध्ये सरकारनं शेतीविस्ताराचा मोठा कायदा केला, आणि दक्षिणेत त्याचा पैसा गेला मुख्यतः गोऱ्यांच्या कृषी महाविद्यालयांकडे. काळ्यांच्या संस्थांना उरलंसुरलं.

दुसरं नाव फॅनी लू हेमर. मिसिसिपीतल्या वाटेकरी कुटुंबातलं विसावं अपत्य. १९६२ साली मतदार यादीत नाव घालायला गेल्या, त्याच दिवशी जिथे अठरा वर्षं राबल्या त्या मळ्यातून त्यांना घालवून दिलं. त्याच हिवाळ्यात शेजारच्या लफ्लोर तालुक्यात, मतदार नोंदणीला उभ्या राहणाऱ्यांना अद्दल घडवायला, सरकारी धान्यवाटपच बंद केलं. बावीस हजारांच्या आसपास माणसांचं रेशन थांबलं. हेमर यांनी यातून सरळ गोष्ट ओळखली. ज्याच्या घरात दाणा नाही त्याचं मत त्याचं नसतं.

मग त्यांनी डुकरांची बँक काढली. काळ्या स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेनं पन्नासएक डुकरं घेऊन दिली. एका घराला एक मादी द्यायची. तिला पिल्लं झाली की दोन पिल्लं बँकेत परत. ती दुसऱ्या घराला. व्याज नाही, गहाण नाही. आपल्याकडे शेळी बँका निघाल्या त्यांचं गणित हेच. १९६९ मध्ये हेमर यांनी चाळीस एकर घेऊन ‘फ्रीडम फार्म’ सहकारी शेती सुरू केली, ती वाढून सहाशे एकरांच्या वर गेली. भाज्या आधी राबणाऱ्यांच्या घरी, मग इतर गरजूंना. काही वर्षांतच देणग्या आटल्या, पूर आणि दुष्काळ आले, हेमर आजारी पडल्या, आणि जमीन हातची गेली. १९७७ मध्ये त्या वारल्या. ही यशोगाथा नाही. पण आज तिकडची कुठलीही कार्यशाळा उघडा, पहिल्या तासाला हेमरबाईंचं नाव निघतंच.

गावकुसाबाहेरची भाजी

एवढ्या वेळ जमिनीबद्दल बोललो. पण अन्नन्याय, म्हणजे चांगलं अन्न सगळ्यांच्या आवाक्यात असावं ही मागणी, तो शब्द शहरातून आला. उत्तरेकडे गेलेली माणसं ज्या वस्त्यांत राहिली, त्या वस्त्या १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर लाल रंगानं रंगवल्या होत्या: इथे घरकर्ज देणं धोक्याचं. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुकानदार हलले, मोठी किराणा दुकानं उपनगरांत गेली. उरली कोपऱ्यावरची टपरीवजा दुकानं: वेफर्स, सोडा, डब्यातलं सूप, पिवळी पडलेली केळी. अशा भागाला तज्ज्ञ लोक ‘फूड डेझर्ट’ म्हणू लागले, अन्नाचं वाळवंट.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कॅरेन वॉशिंग्टन नावाच्या बाई आहेत. १९८८ मध्ये घरासमोरच्या उकिरड्याच्या जागेत शेजाऱ्यांबरोबर त्यांनी बाग केली. त्यांचं म्हणणं, वाळवंट हा शब्द चुकीचा. वाळवंट निसर्ग करतो. हे माणसांनी केलं आहे, तेव्हा याला अन्नातला वर्णभेद म्हणा. मराठीत हे आणखी सोपं आहे. गावकूस कुणी बांधलं आणि कोण बाहेर राहिलं, हे आपण निसर्गावर ढकलत नाही. दलित पँथरनं ज्यांचं नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरनंही १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमधून काय सुरू केलं? शाळेत जाणाऱ्या पोरांना सकाळचा नाश्ता.

शहरातली शेतीची कार्यशाळा कशी चालते, ते थोडं जवळून बघू. पहिली गोष्ट बी नव्हे, शिसं. जुन्या घरांच्या रंगात शिसं असायचं, तिथे १९७८ साली त्यावर बंदी आली. पेट्रोलमध्येही होतं. ते सगळं मातीत बसलं आणि मातीतून कुठे जात नाही. म्हणून जागेत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल खणून मूठ मूठ माती घ्यायची, बादलीत कालवायची, त्यातली पेलाभर वाळवून प्रयोगशाळेत पाठवायची. भिंतीलगतची वेगळी, कारण रंगाचे पोपडे तिथेच पडतात. शिसं जास्त निघालं तर फळ्यांची चौकट करून त्यात बाहेरून आणलेली माती आणि कंपोस्ट भरायचं आणि त्या वाफ्यात लावायचं. मधलंच प्रमाण असेल तर टोमॅटो, भेंडी चालेल, कारण फळात शिसं फार चढत नाही. पालेभाजी आणि गाजर नको. आणि सगळ्यात मोठा धोका भाजीत नसतोच, तो हाताला लागलेल्या धुळीत असतो. म्हणून पोरांना आधी हात धुवायला लावायचं. एवढं शिकायला दीड तास जातो, आणि माझ्या मते अख्ख्या दिवसातला तो सगळ्यात उपयोगी दीड तास.

मग बी. भेंडी, चवळी, कलिंगड, ज्वारी, ही सगळी मूळ आफ्रिकेची पिकं. इंग्रजीतला ‘ओक्रा’ हा शब्दही पश्चिम आफ्रिकेतला. जहाजावर चढवण्याआधी बायकांनी केसांच्या वेणीत दाणे गुंफून आणले, अशी त्यांच्यात सांगोवांगी चालत आलेली गोष्ट आहे. कार्यशाळेत ती सांगतात तेव्हा काहींचे डोळे भरून येतात. कारण शेती म्हटली की त्यांच्या आईबापांना आठवतो चाबूक आणि कापूस. ‘आम्ही तुला शेतातून बाहेर काढायला राबलो आणि तू पुन्हा मातीत जाते?’ हे वाक्य प्रत्येकीनं ऐकलेलं असतं. आपल्याकडचे शेतकऱ्याचे आईबाप वेगळं काय म्हणतात?

न्यूयॉर्क राज्यात ग्राफ्टन इथे सोल फायर फार्म आहे. लिआ पेनिमन आणि त्यांचे पती आल्बनी शहराच्या गरीब भागात राहायचे, मुलं लहान, ताजी भाजी जवळपास नाही. शेती येत होती. २००६ मध्ये त्यांनी डोंगरातली हलकी जमीन घेतली, ती सुधारायला काही वर्षं घालवली, आणि २०१० पासून वस्तीतल्या घरांच्या दारात भाजीच्या पेट्या पोचवू लागले, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पैसे घेऊन. तिथे आठवडाभराची निवासी शिबिरं भरतात. सकाळी वाफ्यात काम, कोंबडी कापून साफ करायला शिकणं, करवत चालवणं, संध्याकाळी इतिहास. फीसुद्धा ऐपतीप्रमाणे. डेट्रॉइटमध्ये मलिक याकिनी आणि मंडळींनी महापालिकेच्या बागेतले सात एकर कसायला घेतले, आणि २०२४ मध्ये तिथल्या लोकांनी स्वतःच्या मालकीचं सहकारी किराणा दुकान उघडलं.

एक आक्षेप मलाही पटतो. आठवडाभर शिकून बाहेर पडलेल्या मुलीला जमीन कुठून मिळणार? भाव आभाळाला, आणि सात एकरांत डेट्रॉइट जेवत नाही. कार्यशाळा फुलतात, शेतं तेवढी फुलत नाहीत.

यावर शोधलेल्या उत्तरात आपला धागा आहे. १९६९ मध्ये जॉर्जियात, तिथल्या आल्बनीजवळ (वरचं आल्बनी वेगळं), शर्ली आणि चार्ल्स शेरॉड आणि त्यांच्या साथीदारांनी ‘न्यू कम्युनिटीज’ नावानं सुमारे ५,७०० एकर घेतले. जमीन संस्थेची, कुणाला विकता येणार नाही. कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या कसायचा भाडेपट्टा. सामाईक वारसाहक्काचा आणि लिलावाचा प्रश्नच मिटला. ही कल्पना मांडणाऱ्या रॉबर्ट स्वान यांच्यासमोर इस्राएलच्या वसाहतींबरोबर एक नमुना होता, पवनारच्या विनोबांचं ग्रामदान. गागोद्यात जन्मलेल्या माणसाचा विचार वर्ध्याहून निघून जॉर्जियाच्या मक्यात उगवला. आज अमेरिकेत अशा शेकडो भूविश्वस्त संस्था आहेत. ग्रामदानाचं आपण काय केलं, ते असू दे.

न्यू कम्युनिटीजचं पुढे काय झालं? दुष्काळ पडला, तातडीचं कर्ज मागितलं, ते यायला तीन वर्षं लागली, आणि १९८५ मध्ये जमीन गेली. पण पिगफोर्ड तडजोडीत त्यांचा दावा टिकला. २००९ मध्ये सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर मंजूर झाले. त्यातून २०११ मध्ये त्यांनी तिथेच जवळ सुमारे १,६०० एकर घेतले. एके काळच्या गुलाममालकाचा मळा होता तो, वाड्यासकट. आता तिथे पिकानची, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याची, बाग आहे, आणि वाड्यात कार्यशाळा भरतात.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं जाहीर केलं, की यापुढे कुठल्याही योजनेत वंश किंवा लिंग बघून प्राधान्य देणार नाही. शाळा चालवणारे देणग्या आणि फीवर भर देऊन चालवत आहेत. मृत्युपत्राच्या तासाला सरकारी पैसा फारसा लागतही नाही. एक वकील लागतो, एक मोठं टेबल, आणि साक्षीदार. तिथल्या बहुतेक राज्यांत मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आपल्यासारख्याच, आणि ज्याला जमीन मिळणार त्यानं साक्षीदार न झालेलं बरं, तेही आपल्यासारखंच. म्हणून घरचं माणूस टाळायचं. मग पलीकडच्या गावचा, सकाळी कंपोस्टच्या ढिगावर भेटलेला माणूस तुमच्या कागदावर सही करतो, आणि तुम्ही त्याच्या.